काळा-पांढरा शनी

मी, हनुमंत हरिबा कोळपे, वय शेहेचाळीस, रेल्वेच्या सिग्नल विभागात दौंड येथे नोकरीस, राहणार खुटबाव, तालुका दौंड, जिल्हा पुणे, माझ्यामागे काय कोणाचे व्हावे हे आज लिहून ठेवतो. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही; भाऊ तर नको म्हणत होता. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. तशी गरज वाटली नव्हती. माझी पत्नी साधना माझ्याहून लहान होती आणि मागे तीच राहील असे आम्ही दोघे धरून चाललो होतो. ती जुलै २००४ मध्ये काविळीने वारली. आम्हाला मूल नाही.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. आई वच्छलाबाई हयात असेपर्यंत ती याच घरात, पुढच्या खोलीत राहील. तिच्यानंतर घर आणि शेतातील माझा हिस्सा धाकटा भाऊ संपत याला मिळावा. संपतबद्दल माझी तक्रार नाही. तो कमी बोलतो, मीही कमी बोलतो.

२. फंड व बँकेतील शिल्लक यांतून आईचे औषधपाणी व्हावे. उरेल ते संपतच्या मुलीच्या, मोनिकाच्या शिक्षणाला. तिने विज्ञान शाखा घ्यावी अशी साधनाची इच्छा होती. मी तशी अट घालत नाही.

३. साधनाच्या साड्या लोखंडी पेटीत आहेत. त्या केंदूरला तिच्या बहिणीकडे पोचवाव्यात. संपतची बायको धुरपदा हिला त्यांतील एकही देऊ नये. तिने मागितलेली नाही, आणि मागणारही नाही. तिला त्या अंगाला लावायची भीती वाटते. का वाटते, ते पुढे येईल.

४. दुर्बीण. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल.

साधना माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होती. पुण्यात शिक्षकांचे एक शिबिर झाले, तिथे तिने काचेवर काच घासून सहा इंची आरसा स्वतः केला. शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला आठ इंची पाइप, त्यात तो आरसा, खाली सुताराकडून करून घेतलेली फिरती लाकडी पेटी, अशी ती दुर्बीण आहे. दिसायला पाण्याच्या पाइपासारखीच आहे. पाहुणे विचारत, "मोटर कुठं बसवनार?"

आईला आकाश नवे नव्हते. तिचे लहानपण मेंढरांमागे गेले. बाज, तिकांडे, पुंजका ही ताऱ्यांची नावे साधनाने तिच्याकडूनच घेतली आणि वर्गात सांगितली. आईने दुर्बिणीतून चंद्र पाहिला, गुरू पाहिला आणि गुरूला हात जोडले. शनी मात्र पाहिला नाही.

"तू त्याला बघितलं, तर त्यो बी तुला बघनार की गं," ती म्हणाली.

"आत्या, त्याला डोळे नाहीत."

"कान आसतील. हळू बोल."

साधना हसली आणि आईही हसली. त्या दोघींचे चांगले होते, एवढे येथे नोंदवून ठेवतो. पुढे जे झाले त्यावरून कोणी उलट समजू नये.

जे डोळा लावणार नाहीत त्यांच्यासाठी शनीचा फोटो काढावा, असे तेव्हा साधनाच्या मनात आले. यवतच्या स्टुडिओचे बबनराव लग्नात वापरायचा त्यांचा कॅमेरा घेऊन आले. तो जड निघाला. लावला की पाइपचे तोंड खाली यायचे. सबंध रोल खर्ची पडला आणि काळ्या कागदावर एक पांढरा ठिपका आला. आई म्हणाली, "ह्यो शाबुदाना कशाला डकवलाय?" बबनराव आजही ते सांगून हसतात.

मग बरीच वर्षे कॅमेरा निवडण्यात गेली. मासिके वाचली, पुण्याच्या दुकानांत विचारले. दुकानदार महागडे कॅमेरे काढून दाखवत आणि साधना एकच विचारी, "याची पुढची काच निघते का?" बहुतेकांची निघत नसे. शेवटी टेलिफोन विभागातले माझे सहकारी नागसेन गायकवाड म्हणाले, "वहिनी, सायबर कॅफेत तोंड दाखवायचा जो छोटा कॅमेरा असतो ना, परदेशात लोक त्यानेच ग्रह काढतात."

"तोंड दाखवायचा?"

"व्हय. शनीलाबी तोंड हायच की."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. हवा सारखी थरथरत असते, म्हणून ग्रहाचा एक फोटो काढून भागत नाही. सिनेमा काढायचा, हवा क्षणभर शांत असतानाची चित्रे त्यातून कॉम्प्युटरने निवडायची आणि एकावर एक ठेवायची. कॅमेरा हलका असल्याने पाइप झुकत नाही. फिल्म रोलची प्लास्टिकची डबी तळ कापून पुढे चिकटवली की ती दुर्बिणीच्या डोळा लावायच्या नळीत नेमकी बसते.

प्रश्न राहिला रंगीत घ्यावा की काळा-पांढरा. मी काळ्या-पांढऱ्याच्या बाजूचा होतो. रंगीत कॅमेऱ्यात प्रकाश तीन रंगांत वाटला जातो आणि बारकावे जातात. काळ्या-पांढऱ्यात शनीच्या कड्यातली काळी फटसुद्धा उठून दिसली असती. साधनाला रंगीत हवा होता.

"अहो, पोरांना मी पिवळा म्हणून सांगते आणि फोटो राखाडी दाखवू? बाई बनवतात म्हणतील."

"फट दिसेल."

"फट बघून कोण वर बघणार आहे? रंग बघून बघतील."

हे भांडण नव्हते. आम्ही स्वयंपाकघरात, गाडीत, बाजारात त्यावर बोलत असू आणि दोघांनाही ते संपवायची घाई नव्हती. पुढच्या थंडीत ठरवू असे झाले. पुढच्या थंडीत ती नव्हती.

दूषित पाण्याची कावीळ, यकृत निकामी, असे दाखल्यात लिहिले आहे. ती हळदीसारखी पिवळी झाली होती. दहाव्याच्या दिवशी धुरपदा बायकांत म्हणाली, "थोरल्या बाई पिवळा शनी, पिवळा शनी करीत व्हत्या. शेवटी पिवळ्या होऊनच गेल्या." तेव्हापासून गावात हेच कारण मानले जाते. तिच्यामागे शाळेला दुर्बीण दिली होती, ती पालकांची कुरकुर नको म्हणून परत आली. त्या वर्षी पावसाळ्यात गावाला आलेल्या गढूळ पाण्याबद्दल मात्र कोणीही बोलत नाही. त्या पाण्यावर बोलायचे तर ग्रामपंचायतीशी भांडावे लागते. शनीशी भांडावे लागत नाही.

गाव काय म्हणते ते मी सोडून दिले असते. आईही तेच मानते हे मला सोडून देता आले नाही.

म्हणून २००५ च्या थंडीत मी कॅमेरा निवडला. काळा-पांढरा निवडला. दुकानांत चोरांवर नजर ठेवायला लावतात तसला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळाला. बारकाव्यासाठी निवडला असे मी नागसेनला सांगितले. खरे कारण वेगळे होते. आईला मला पिवळा रंग दाखवायचा नव्हता. नुसता गोळा आणि कडे दिसावे, वस्तू दिसावी, म्हणजे तिची भीती जाईल असे मला वाटले. मार्चमध्ये संध्याकाळी शनी डोक्यावर येत असे. नागसेन आणि मी फोटो काढला. चांगला आला. काळी फट दिसली.

बबनरावांकडून छापून आणला आणि सकाळी ओट्यावर आईच्या हातात दिला. "आई, हा बघ शनी. दगडधोंड्यांचं कडं आणि मधे गोळा. हा कोणाला काय करणार?"

तिने पदराला हात पुसले आणि फोटो उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मला बरे वाटले.

"पिवळा व्हता म्हनायची ना रं ती?"

"हो."

"ह्यात तर पांढराफटक हाय."

मी कॅमेऱ्याचे सांगितले. रंग टिपणारे वेगळे असतात, हा टिपत नाही, हे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुला मिशीन कळतं, मला न्हाई कळत. पर दिसतंय त्ये दिसतंय. समदा पिवळेपना माझ्या पोरीच्या आंगावर टाकून मोकळा झाला बघ त्यो."

आणि ती रडू लागली. आतून धुरपदा म्हणाली, "मी म्हनत न्हवते?"

मी म्हणालो, "तो अजून पिवळाच आहे. संध्याकाळी वर चल, तुझ्या डोळ्यांनी बघ."

"न्हाई बाबा. माझी पोर गेली, आता तू तरी ऱ्हायला पायजेस. त्याच्या म्होरं मी न्हाई जायाची."

नागसेनचे मत पडले, आता रंगीत घेऊन पुन्हा काढू. मी नको म्हणालो. रंगीत फोटोत पिवळा दिसला असता, तर बघा पिवळा, असे झाले असते. ज्याच्या फोटोतून तोच अर्थ निघणार नाही, असा कॅमेरा कुठल्याही दुकानात नाही.

दुर्बीण, लाकडी पेटी, कॅमेरा व कॉम्प्युटर नागसेन गायकवाड यांना द्यावेत. छापलेला फोटो आईने परत केला आहे. तो कोणालाही देत नाही, फाडून टाकावा. बबनरावांकडची प्रतही पुसावी.

५. नागसेनला पुढेमागे दुसरा कॅमेरा घ्यायचा झाला तर ध्यानात ठेवावे: मेगापिक्सेल किती, हे पाहू नये, ग्रह लहान असतो. पुढची काच निघणारी असावी. सेकंदाला जितकी जास्त चित्रे घेईल तितका चांगला. वजनाला हलका असावा. रंगीत की काळा-पांढरा, हे मी सांगणार नाही.

६. आईला यापुढे कोणी समजावू नये. नागसेननेही नाही. तिने साधनाला लेक म्हटले आहे, आणि लेक उगाच गेली हे तिला मानता येत नाही.

७. माझ्या स्वतःबद्दल. साधनापेक्षा मी शनी जास्त वेळा पाहिला आहे. एकदा आईला म्हटले, मग मला का काही झाले नाही? ती म्हणाली, "तुझी बारी यायची हाय. म्हनून तर शनवारी उपास धरते." म्हणजे मी लवकर गेलो तर साधनावरचा बोल पक्का होईल, तिने घरात आणलेला ग्रह नवऱ्यालाही घेऊन गेला असे म्हणतील, आणि खोडून काढायला घरात कोणी नसेल.

म्हणून मी रक्तदाबाची गोळी चुकवत नाही. पाणी उकळून पितो. लाइनवर काम करताना दोन्ही बाजू पाहतो. मला जगायची काही हौस उरलेली नाही, हे येथे लिहितो कारण दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही. पण मी म्हातारा होऊन, दात पडून, लोकांना कंटाळा येईपर्यंत जगून मेलो, तरच तिच्या बाजूने काही बोलल्यासारखे होईल. तेवढे वय मला गाठायचे आहे. गाठता आले नाही आणि आजारात माझे अंग पिवळे पडले, तर मला गावात आणू नये. दौंडलाच उरकावे. आईला सांगावे की अंगाचा रंग होता तसाच होता.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी नागसेन गायकवाड यांनी करावी. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण: दौंड
दिनांक: १९ नोव्हेंबर २००६

(सही) हनुमंत हरिबा कोळपे

साक्षीदार:
१. (सही) बबनराव शंकर दोरगे, फोटोग्राफर, रा. यवत
२. (सही) ज्ञानदेव भिवा सोनवणे, रेल्वे नोकरी, रा. दौंड