कोरडी म्हणून लिहिलेली विहीर

आबा,

मुकुंदवाडीच्या रुळांपलीकडची ती विहीर कोरडी आहे असं तुम्हीच लिहून दिलं होतं, हे मला गेल्या मंगळवारी कळलं. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. मी अजून तुमच्याच पाणीपुरवठा खात्यात आहे. तुम्ही उन्हातान्हात व्हॉल्व्ह फिरवायचात, मी पंख्याखाली नकाशे करते. सध्या आमच्याकडं एक आराखडा चाललाय. पाऊस आता पहिल्यासारखा राहिला नाही. महिना महिना फिरकत नाही आणि मग एका दुपारी सगळा कोसळतो. उद्या धरण तळाला गेलं, नाहीतर पुरात पंप बुडाले, तर शहराला निदान प्यायला कुठून द्यायचं, याची तयारी करायचीय. म्हणून जुन्या विहिरी शोधायचं काम माझ्याकडं आलं. यादीत पहिली म्हणून तीच विहीर मी कागद न बघताच लिहिली. मग जुनी फाइल उघडली. ‘विहीर समक्ष पाहिली. कोरडी असून वापरण्याजोगी नाही.’ खाली तुमची सही, शाळेत न गेलेल्या माणसानं गिरवून गिरवून शिकलेली. ती सही तुम्हाला मीच शिकवली होती.

आठवतंय, मी सातवीत आहे. नामांतराचे दिवस आहेत. गावाकडं घरं जाळली म्हणून कितीतरी माणसं जीव घेऊन शहरात आलीत, आणि विहिरीजवळच्या वस्तीत एकेका खोलीत दोन दोन संसार मांडलेत. नळाचं पाणी तिथवर पोचत नाही. आपल्या गल्लीत त्या वस्तीचं नाव काढलं तरी माणसं तोंड फिरवतात, आणि तुम्ही मात्र मला सायकलवर बसवून तिकडंच नेता. दोराला दगड बांधून विहिरीत सोडता, वर ओढता, आणि म्हणता, “मोज पोरी, किती भिजलाय.” मे महिना, तरी दोर नऊ हात ओला. “बहात्तरला आपली समदी मेंढरं हिच्यावर जगली. ही आटायची नाय. लई वाईट साल आलं ना, तर शहराला बी हीच पाजील.” साहेबांच्या मागं लागून तुम्ही तिथं मोटर बसवून घेतलीत. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या आईनं पहिला तांब्या भरून तुमच्यापुढं धरला, आणि तुम्ही तो सगळ्यांदेखत पिलात. त्या दिवशी मला तुमच्याइतका मोठा माणूस जगात दुसरा दिसत नव्हता.

दीड वर्षात विहीर बुजवली. चिकलठाण्याकडं कारखाने वाढत होते, त्यातल्या एकाला गोदामासाठी ती जागा हवी होती. मैत्रीण शाळेत म्हणाली, “तुझ्या बापानंच लिहून दिलंय म्हणतात.” मी म्हटलं, “आईची शपथ, माझे आबा असं करणार नाहीत.” दुसऱ्या दिवशी तिची आई घरी आली. तुम्ही जेवत होतात. ती दारातच उभी राहिली. “दादा, तुम्ही आमच्या हातचं पाणी पिलात. तिच्यात पाणी नव्हतं व्हय?” तुम्ही भाकरीवरनं नजर काढली नाही. “वरच्यांनी ठरवलंय बाई. मला काय इचारता?” मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी म्हटलं, “आबांना यातलं काही माहीत नाही, मावशी.” तुम्ही मला ते बोलू दिलंत. राग त्या सहीचा कमी आहे, आबा. साहेबानं दम दिला असेल, तुम्हाला भीती वाटली असेल, एवढं मला समजतं. पण पोर तुमच्यासाठी खोटं बोलतेय आणि तिला ते खोटं आहे हेसुद्धा माहीत नाही, हे बघत तुम्ही पुढचा घास कसा घेतलात? त्याच जूनमध्ये तुम्ही रोजंदारीवरून कायम झालात. पेढे आणलेत. एक मी मैत्रिणीसाठी शाळेत नेला. ती आली नव्हती. रूळ ओलांडून पाणी भरायला माणूस लागत होतं, म्हणून तिची शाळा सुटली, ती कायमचीच.

काल मी त्या गोदामावर जाऊन आले. वॉचमनला विचारलं, जमिनीला ओल येते का. “भर उन्हाळ्यात बी येती मॅडम. माल फळ्यांवर ठिवावा लागतोय.” म्हणजे पाणी अजून आहे. आराखड्यात मी ती विहीर घेतलीय, आणि तुमचा कागद खोटा आहे असा शेराही मारलाय. लिहिताना एकदाही थांबले नाही, याचंच मला वाईट वाटलं.

मैत्रीण पडेगावला असते, लेकाकडं. घर मला माहीत आहे. रिक्षानं अर्धा तास. जाऊन तिला सांगायला हवं, की तेव्हा तूच खरं बोलत होतीस. आज सुट्टी काढली ती त्यासाठीच. साडी नेसून बसले, आणि तुम्हाला लिहीत राहिले. तुम्ही उलट काही विचारणार नाही, म्हणून.