पाटीवरचं सहावं नाव

११ जानेवारी २०१०
पेपरात वाचलं. येत्या १२ मार्चला आमच्या गावातल्या 'त्या' दिवसाला पन्नास वर्षं होतायत. हॅल्बर्टच्या दुकानात खाण्याचं काउंटर होतं, तिथे फक्त आम्हा गोऱ्यांना वाढायचे. पाच काळे विद्यार्थी येऊन बसले आणि कुणी वाढलं नाही तरी उठले नाहीत. आता समारंभ होणार, पितळी पाटी लागणार.
त्या दिवशी काउंटरवर मीही होतो. त्यांच्यासोबत! चाळीस वर्षं ही गोष्ट सांगतोय. विमा विकताना फार उपयोगी पडायची.
निश्चय: समितीत शिरणे. भाषण करणे. पंधरा पौंड वजन उतरवणे.
मॅक्सीनला सांगितलं. तिने विचारलं, "त्यांच्यासोबत होतास, की त्यांच्या शेजारी?" बायकोला बारकावे फार लागतात.

१९ जानेवारी
चर्चच्या तळघरात समितीची बैठक. अध्यक्ष मिसेस ओडेसा गेन्स. त्या पाचांतल्याच एक, पुढे शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. मी माझी गोष्ट सांगितली, जरा रंगवूनच. बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बराच वेळ नुसतं पाहिलं. गहिवरल्या होत्या, दुसरं काय? मग विचारलं, खुर्च्यांची व्यवस्था बघाल का.
मोठी जबाबदारी. लगेच हो म्हटलं.

२ फेब्रुवारी
भाषण चौदा पानं झालं. विद्यार्थी अकराव्या पानावर दुकानात शिरतात. त्याआधी माझं बालपण. ते गाळलं तर संदर्भ लागत नाही.
डाएट उद्यापासून. आज मॅक्सीनने पीचचा कॉबलर, म्हणजे फळांचा गोड पदार्थ, केला होता. घरात वातावरण चांगलं राहणंही महत्त्वाचं.

१० फेब्रुवारी
पाटीवर पाचच नावं! मी नम्रपणे सहावं सुचवलं. मिसेस गेन्स म्हणाल्या, "आपण त्याबद्दल बोलू." म्हणजे झालंच. पट्टीने मोजून पाहिलं, 'वेंडेल प्रुइट' आरामात मावतं.
नॉक्सव्हिलच्या बहिणीला फोन केला. एकूण अकरा नातेवाईक येणार.

२६ फेब्रुवारी
कार्यक्रमपत्रिका आली. माझं नाव मागच्या पानावर, 'खुर्च्या' या शब्दापुढे. छापणाऱ्याची चूक. त्याला फोन केला तर म्हणतो, बाईंनी स्वतःच्या हाताने तसंच लिहून दिलंय. लोक आपली चूक कबूल करत नाहीत.
सूट घालून पाहिला. बटण उडून दिव्याला लागलं. हल्ली दोरा चांगला मिळत नाही.

६ मार्च, दुपारी ४
मिसेस गेन्सनी घरी बोलावलं. सहाव्या नावाचंच असणार. टाय लावून निघालो.

६ मार्च, संध्याकाळी ७
त्यांनी कॉफी दिली, केक दिला. मग म्हणाल्या, भाषण नको. मी कारण विचारलं. आवाज जराही न चढवता त्यांनी सांगितलं.
"तुम्ही आमच्या आधीच येऊन बसला होतात. आम्ही बसलो तसं मॅनेजरनं काउंटर बंद केलं. तुम्ही म्हणालात, माझं अंड्याचं सँडविच तरी बांधून द्या. त्यांनी बांधून दिलं. तुम्ही गेलात."
मी म्हटलं, असं नव्हतं. मग म्हटलं, असेलही. मग म्हटलं, सकाळपासून गोदामात पोती उतरवली होती, सपाटून भूक लागली होती.
बाईंनी माझ्या कपात पुन्हा कॉफी ओतली.
"भूक आम्हालाही लागली होती, वेंडेल."
केक लिंबाचा होता. चांगला होता. मी हे का लिहितोय कोण जाणे.

१२ मार्च
दोनशे खुर्च्या मांडल्या. एकही डगमगली नाही. पाचांपैकी तिघंच हयात आहेत, तिघंही आले होते. पाटीवरचा पडदा सरकला, नावं वाचली गेली, माणसं रडली. आमचे अकराजण पहिल्या रांगेत. बहीण दर दहा मिनिटांनी विचारायची, तुझं कधी? शेवटी म्हटलं, खुर्चीवर बसलीयस ना, तेच माझं.

१५ मार्च
त्या दिवसाच्या आठवणी लायब्ररीत रेकॉर्ड करून ठेवतायत. कुणीही जाऊ शकतं. भाषणाचे चौदा कागद गाडीतच ठेवून आत गेलो. रेकॉर्डिंगवाल्या बाईंनी माझ्यासाठी अर्धा तास राखून ठेवला होता.
मी म्हटलं, "मी वेंडेल प्रुइट. तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. ते पाच जण आले तेव्हा मी काउंटरवर होतो. मला सँडविच बांधून मिळालं आणि मी निघून गेलो."
बाईंनी विचारलं, "मग?"
"मग काही नाही. घरी जाऊन खाल्लं."
मशीन सुरूच होतं. अजून एकोणतीस मिनिटं शिल्लक होती. त्यांचं काय करायचं, ते आम्हा दोघांनाही सुचेना.