पाहुण्यांना जेवायला कुठे न्यावं

१ मेहर, शनिवार

शुक्रवारी येतायत! सियामकची होणारी बायको पेगाह आणि तिचे आईवडील, तेहरानहून. सियामक फोनवर म्हणाला, "आई, खास तुझ्या हातचं खायला येतायत."

माझ्या हातचं! नवरोजच्या त्या तापापासून जिभेला चव नाही, नाकाला वास नाही. आता मेहर महिना लागला; सहा महिने नुसत्या अंदाजाने रांधतेय. कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. खाण्यासाठी नावाजलेल्या आमच्या रश्त शहरात बाईच्या हाताची चव गेली, तर तिला विचारतं कोण?

बाहेरच नेते सगळ्यांना.

२ मेहर

नणंद अख्तर – "व्याह्यांना हॉटेलात? चूल मोडली का वहिनी तुमची?" कंबर दुखते म्हटलं. धादांत खोटं.

४ मेहर, मंगळवार

नवऱ्याला, फरामर्जला, घेऊन हॉटेलं पालथी घातली. बाजारातल्या कबाबवाल्याची टेबलं चिकट. तळ्याकाठच्या हॉटेलात बदकाचं कालवण झकास दिसलं, पण चवीचं मी काय सांगणार? शेवटी लोकांच्या ताटल्याच बघत बसले – कोण काय टाकून उठतंय. तूबा खानम या बाईंच्या खाणावळीत सगळ्या ताटल्या चाटूनपुसून! तिथेच न्यायचं.

५ मेहर

नवऱ्यावर उगाच खेकसले. हल्ली सारखा स्वयंपाकघरात घुटमळतो, झाकणं उघडतो. म्हणे, "भूक लागलीय."

७ मेहर, शुक्रवार

मेले होते आज! भाजल्या वांग्याचं मिर्झा घासेमी आलं. लसणाशिवाय ते होतं का कधी? पहिल्याच घासाला मी म्हटलं, "वा! लसूण काय खमंग लागलाय!"

पेगाहची आई बघतच राहिली. "लसूण? मला चालत नाही हो. बिनलसणाचं सांगितलंय ना?" सियामककडून कळल्यावर फरामर्जने सकाळीच तूबा खानमला तसा फोन केला होता. मला बोलला नव्हता.

मग तोच हसला – "अहो, ही आमची रीत! दुसऱ्याच्या रांधण्याची तारीफ करताना आम्ही ताटात नाही तेही वाखाणतो. नाहीतर तूबा खानम रुसेल."

सगळे हसले. मीही हसले. निघताना विहीणबाई म्हणाल्या, "उद्या दुपारी मात्र तुमच्या घरी हं!" मी म्हटलं, "या ना, घर तुमचंच आहे." दुसरं काय म्हणणार?

८ मेहर

कालवण चुलीवर ठेवून कोथिंबीर आणायला निघाले. पिशवी विसरले म्हणून जिन्यातून परत आले. फरामर्ज चुलीपाशी. एका हातात चमचा, दुसऱ्यात मिठाची बरणी.

"कधीपासून?"

"नवरोजपासून," तो म्हणाला. "जा तू, कोथिंबीर आण. पाहुणे येतील."