काखेतले सिलिंडर

९ जानेवारी, शहादा

शोधपथक परत गेलं. संपलं!

त्यांचा प्रमुख भला माणूस. दुकानाच्या पायरीवर बसून पप्पांना म्हणाला, "शेठजी, खाली अख्खं जंगल उभं आहे. धरण भरलं तेव्हा झाडं तशीच बुडाली. आमच्या माणसांचे पाठीवरचे सिलिंडर फांद्यांत अडकतात. एक जण मरता मरता वाचला." पप्पांनी मान हलवली. त्याला चहा विचारला. मी आत जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले.

मयंक मणिबेलीजवळ नर्मदेत गेला, डिसेंबरात. दुकानातले सौर दिवे पोचवायला निघाला होता. होडीत तो आणि नावाडी, दोघंच. वारा सुटला, होडी उलटली. मी तेव्हा अंदमानात परक्या लोकांना पाण्याखालचे मासे दाखवत होते. आणि माझा धाकटा भाऊ इथे!

१० जानेवारी

मम्मी जेवत नाही. ताट पुढे केलं की म्हणते, "पैली उणनै ले आ." आधी त्याला आण.

११ जानेवारी

रुचिकाला फोन केला, आता मीच खाली उतरते म्हणून. अंदमानात आम्ही दोघी एकाच ठिकाणी पाण्याखाली उतरायला शिकवतो. आधी रडली, मग ओरडली — "एकटी? गढूळ पाण्यात? झाडांत? वेडी आहेस का, रूपल!"

म्हटलं, ओरडून झालं की सिलिंडरचं सांग.

पाठीवर बारा लिटरचा एक मोठा — हे सरळ. पण मी आहे एवढीशी, आणि त्याची तोटी मानेमागे. फांदीत अडकली तर दिसत नाही, हात पोचत नाही. लहान दोन घेऊन पाठीवरच बांधले तरी तीच गत. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना, काखेखाली एकेक लहान घेतला तर अंग चपटं राहतं. तोट्या छातीशी, हाताला लागतात. जागा फारच अरुंद आली तर एक सोडवून पुढे ढकलता येतो. एक बिघडला तर दुसरा असतो.

पण लहान म्हणजे किती लहान? तीन लिटरचे म्हणजे खेळणं — खाली पोचेपर्यंत परतायची वेळ. सात लिटरचे मला मांडीपर्यंत येतात, पाय मारताना आदळतात. साडेपाचचे बसतील. दोन मिळून अकरा. म्हणजे हवा मोठ्या एकापेक्षा कमीच.

"पुरणार नाही," रुचिका म्हणाली. मग, "चार पाठवते."

१३ जानेवारी

पप्पांना कळलं. आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, "एक तो गयो. अब थनै भी दे दूं कै?" एक तर गेला, आता तुलाही देऊ का?

त्यांनी पोलिसांत तक्रार दिली आहे, नावाडी दामज्याविरुद्ध. तोही तेव्हापासून बेपत्ता. सगळा बाजार म्हणतो — पट्टीचा पोहणारा, बुडेल कसा? मयंकला टाकून पळाला, गुजरातेत कुठेतरी लपला असेल. मलाही तसंच वाटतं. राग धरायला कुणीतरी असलं की श्वास घेता येतो.

१९ जानेवारी

सिलिंडर आले, सुरतला भरून. शेजारच्या लोटनकाकांच्या केळीच्या मळ्यातल्या विहिरीत उतरून पाहिलं. काका कडेला उभे — "हाई काय शे वं बेटी? गॅसना सिलिंडर शेतस का?" गजराकाकू त्यांच्यावरच डाफरल्या, "बोलू नका, दोर धरा!"

अॅल्युमिनियमचे आहेत. भरलेले असताना शहाण्यासारखे अंगालगत राहतात. हवा संपत आली की बूड वर उचलतात, कोंबडीच्या शेपटीसारखं! असे फांद्यांत नेले तर मेलेच मी. बुडाशी शिसं बांधलं, काखेतला रबरी दोर आखडला. दुसऱ्या वेळी नीट बसले. वर आले तर काकू हसत होत्या. मीही हसले.

मग आठवलं, हे कशासाठी चाललंय.

२३ जानेवारी, मणिबेली

सिलिंडर पुन्हा भरून आणले. इथे होडीनेच यावं लागतं. गाव पाण्याखाली, राहिलेली घरं टेकडीवर.

ज्या बाईने घरात जागा दिली, भाकर वाढली, ती दिवलीबाई — दामज्याची बायको! मला कुणी सांगितलंच नव्हतं. कळलं तेव्हा घास तोंडात होता. गिळवेना, थुंकवेना.

तीच म्हणाली, मोडक्या मराठीत, "माझा पण तिथंच आहे. पळाला नाय. त्याला कोणी शोधला नाय."

पोलीस दोनदा तिला विचारायला येऊन गेले म्हणे. ती खरं बोलते की नवऱ्याला झाकते? ठरवता येत नाही. उद्या होडीत बसून दोर कोण धरणार, असं विचारलं. सगळे दुसरीकडे बघायला लागले. ती उठली आणि दोर मोजायला लागली.

२४ जानेवारी

पहिली डुबकी. काही नाही.

काळं पाणी. दिव्याचा उजेड हातभर जाऊन गाळात विरतो. झाडं एकदम अंगावरच येतात. फांद्यांतून आडवी सरपटत गेले. पाठीवर मोठा असता तर पहिल्याच झाडाने धरून ठेवलं असतं. म्हणजे निवड बरोबर होती. त्याचा काय उपयोग? हवेचे तीन भाग करायचे असतात — एक जायला, एक यायला, एक संकटाला. जायचा भाग तिसऱ्या-चौथ्या झाडाशीच संपला. समोर आणखी झाडं. त्यांच्यामागे आणखी.

वर आले. दिवलीबाईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. चहा दिला.

२५ जानेवारी

ताप. दिवसभर पडून. आता दोनच भरलेले उरलेत, एका डुबकीपुरते. तो नाही सापडणार. मला हे अंदमानातून निघतानाच माहीत होतं. मम्मीला तोंड कसं दाखवू?

दिवलीबाई कपाळावर ओली पट्टी ठेवते. मला तिचा हात नको वाटतो. हात झटकायचंही त्राण नाही.

२७ जानेवारी

सापडला. दोन फांद्यांच्या बेचक्यात. गाळामुळे काही दिसत नव्हतं. हातमोज्यातून सदरा लागला, मग खांदा. डावा सिलिंडर सोडवून पुढे ढकलला तेव्हा कुठे आत शिरता आलं. फांदी कापता कापता परतीची हवा वापरली; वर यायला संकटाचीच उरली. तोंडात नळी होती, तरी मनात त्याच्याशी बोलत होते — झालं रे मयंक, झालं, चल घरी. दोर त्याच्या काखेतून घेऊन बांधला आणि खूण केली. दिवलीबाईने वर ओढलं.

मी पाण्याबाहेर डोकं काढलं तेव्हा ती होडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिचाच होता. दामज्या.

टेकडीवर चढून घरी फोन लावला. मम्मीने घेतला. "मिल्यो?"

"दामज्या मिळाला, मम्मी. पळाला नव्हता. मयंक नाही सापडला. हवा संपली."

मम्मीने विचारलं, "उणरी घरवाळी?"

"खाली आहे. होडीत."

"तो थूं ऊपर कांई करै? जा. एकली मत छोड़ उणनै."