निरालीवरची पाळत आणि माझं घर

मी, जसुमती चिनुभाई कापडिया, घरातल्या सगळ्यांची 'बा', राहणार वाघजीची पोळ, अहमदाबाद, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, गुडघे सोडून बाकी सगळं चालतं आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून करत नाही. सांगणारे पुष्कळ आहेत, मी ऐकत नाही.

१. बैठकीतला हिंचका, म्हणजे झोपाळा, सूनबाई फाल्गुनीला द्यावा. तिने त्यावर फोन न घेता बसावं.

२. निराली, माझी नात, हिच्या हालचाली टिपायला मुलाने, म्हणजे भावेशने, दारावर कॅमेरा लावला आहे. तो समोरच्या ओटल्यावर, दारापुढच्या कट्ट्यावर, बसणाऱ्या कोकिलाबेनना द्यावा. पोळीतल्या, म्हणजे आमच्या गल्लीतल्या, पोरांच्या येण्याजाण्याची खबर त्यांनी जन्मभर फुकट पुरवली. मोतीबिंदू झाल्यापासून बिचारीचे हाल आहेत.

३. आता घर. त्याआधी मागच्या नवरात्रीत काय झालं ते लिहिणं भाग आहे.

फाल्गुनीने निरालीच्या चणियाचोळीच्या नेफ्यात बटणाएवढं एक यंत्र शिवलं. पोरगी कुठे आहे ते त्याने फोनवर दिसतं. पण आमच्याकडच्या मुली नऊ रात्री एकच चणियाचोळी घालतात का? अदलाबदल करतात. हे फाल्गुनीला ठाऊक नव्हतं असं नाही, तिनेही तेच केलंय. पण पाळत ठेवायची म्हटली की अक्कल गहाण पडते. त्या रात्री फोनवरचा ठिपका गरब्यातून निघून नदीकाठी गेला. भावेश स्कूटर काढून मागोमाग गेला, पाठमोऱ्या मुलीची ओढणी धरली आणि ओरडला, "घरी चल! आणि हा कोण?"

ती शेजारची नवी सून कृपा निघाली. आइस्क्रीम बाजूला ठेवून म्हणाली, "काका, हे माझे मिस्टर."

निराली तेव्हा उसन्या चणियाचोळीत आईच्या पुढ्यातच गरबा खेळत होती. आई फोनमध्ये बघत होती.

पोळ महिनाभर हसली. त्यातच गणितात नापास झाल्याचं निरालीने लपवलं आणि प्रगतिपुस्तकावर बापाची सही स्वतःच ठोकली, हेही उघड झालं. भावेशने ठरवलं की जूनपासून पोरीला राजकोटच्या कडक वसतिगृहात टाकायचं. तिथे म्हणे जिन्यातही कॅमेरे आहेत.

मी तिला जवळ बसवून विचारलं, यंत्र माहीत होतं का? म्हणाली, "इस्त्री करताना हाताला लागलं, बा. मुद्दामच दिली कृपाभाभीला. खरं बोलले तरी पप्पा फोन तपासतात, खोटं बोलले तरी तपासतात. मग खरं कशाला बोलू?" मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तिला जायचं नाही. सही केली ते वाईटच, ते मी तिला सुनावलंही. पण पोरगी वाया गेलेली नाही. तिला कोणी विचारतच नाही, सगळे तपासतात. मला त्याचा फार राग आहे.

सबब, निराली बारावी होईपर्यंत याच घरात राहिली तर घर भावेशचं. तिला वसतिगृहात धाडलं तर घर भाकड गायी सांभाळणाऱ्या पांजरपोळाला जाईल. मग भावेशने तिथल्या गायींवर खुशाल नजर ठेवावी.

४. मेल्यावर वाचून उपयोग नाही, म्हणून सही करण्यापूर्वी वरील मजकूर मी भावेशला वाचून दाखवला. तो म्हणाला, "बा, ही तर धमकी झाली." मी म्हटलं, "हो, दीकरा." तो उठून निरालीच्या खोलीपाशी गेला आणि त्याने दार वाजवलं.

आतून ती म्हणाली, "ये ना, बा." कारण त्या दारावर टकटक करणारी या घरात मी एकटीच.

"बा नाही, मी आहे," भावेश म्हणाला. "आत येऊ का?"

पुढचं मी ऐकलं नाही, बाहेर ओटल्यावर येऊन बसले. तिसरं कलम मात्र खोडलेलं नाही.

सही: जसुमती चिनुभाई कापडिया
साक्षीदार: डॉ. परिमल नानावटी; इला मजमुदार, निवृत्त शिक्षिका
अहमदाबाद, ता. १२ एप्रिल २०२३