टेम्पोचं अर्थिंग

९ जानेवारी २०२५, गुरुवार

सापडलं! म्हणजे, सापडलंय असं वाटतंय.

आज मिरकरवाड्याच्या जेटीवर पुन्हा तेच. मागे बर्फात अठरा क्रेट बांगडा, आप्पांनी किल्ली फिरवली तर नुसतं टक्. पुन्हा टक्. चौघांनी ढकलला तेव्हा टेम्पो चालू झाला. लांज्याच्या बाजारात पोचेपर्यंत आमच्याकडून नेहमी घेणाऱ्या विक्रेत्या बायकांनी दुसऱ्याकडून मासळी घेतलेली! आप्पा घरी येऊन आईला सांगत होते — तीस वर्षांत गिऱ्हाईक असं कधी गेलं नव्हतं.

संध्याकाळी बाबल्या मेस्त्री बघून गेला. “बावीस वर्सांची गाडी ही, राही. पुरी वायरिंग कुजली. सोड आता हिला.” सर्वेशदादाला मुंबईला फोन केला, तर त्याचंही तेच — “भंगारात द्या. आप्पांना म्हणावं आता घरी बसा.” फोन स्पीकरवर होता. आप्पांनी ऐकलं. उठले आणि टेम्पोची काच पुसत राहिले.

पण मी एक बघितलं. उजवा इंडिकेटर लावला की डिझेलचा काटा नाचतो! ब्रेक दाबला की हॉर्न रडका होतो. आता इंडिकेटरचा आणि डिझेलचा संबंध काय? मोबाईल दुरुस्तीत सहा वर्षं काढली, एवढं नक्की कळतं — चार गोष्टी एकदम वेड्यासारख्या वागायला लागल्या, तर त्या चौघींत सामायिक काय आहे ते शोधायचं. इथे सामायिक म्हणजे अर्थिंग. वीज बॅटरीतून वायरने जाते, पण परत येते ती गाडीच्या लोखंडातून. परतीची वाटच अडली असेल तर बिचारा स्टार्टर काय करणार!

१० जानेवारी

दुकानातून मल्टिमीटर घरी आणलाय. रविवार कधी येतो!

१२ जानेवारी, रविवार

४.१ व्होल्ट!! चार पूर्णांक एक!

मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या लोखंडावर. “आप्पा, मारा स्टार्टर!” तिथे आकड्याने जेमतेम हलावं, जवळजवळ शून्यच यायला हवं. आले चार! म्हणजे बारातले चार व्होल्ट वाटेतच कुठेतरी जिरतायत. मी ओरडलेच. आप्पा घाबरून खाली उतरले — “शॉक लागला काय गो?”

मग गोणपाट टाकून खाली शिरले. इंजिन आणि चेसिस जोडणारी तांब्याची चपटी वेणी असते. वेणी कसली! हिरवी-पांढरी भुकटी. बोट लावलं तर अर्धी हातात आली. बरोबर वरच क्रेट ठेवतात. बावीस वर्षं खारं बर्फाचं पाणी फटीतून तिच्यावर ठिबकतंय! पुढच्या दिव्यांची अर्थ वायर बॉडीला जिथे बसते तिथेही तसाच गंज. बॅटरी दिवाळीत बदलली, बल्ब बदलले, आणि खाली कुणी वाकून बघितलं नाही.

आप्पा बाजूला बसून म्हणाले, “एवढंसंच?” एवढंसंच, आप्पा!

१३ जानेवारी

वेणीचा बोल्ट तुटला.

पाना लावला, थोडा जोर दिला आणि कट्. डोकं हातात, बाकीचा आत. रडू आलं. आता टेम्पो ढकलूनही भरवसा नाही, कारण उरलीसुरली वेणीही गेली. बाबल्याला फोन केला. तो एवढंच म्हणाला, “सांगितलं होतं ना.” उद्या मासळी न्यायची नाही. आप्पांनी बाजारात कळवलं. माझ्यामुळे.

१४ जानेवारी, संक्रांत

दुकान दुपारनंतर बंद. जुना बोल्ट जाऊ दे खड्ड्यात! चार बोटांवर चेसिस चांगलं जाड आहे, तिथे नवीन भोक पाडलं. ड्रिल शेजारच्या दीपककाकांचं. रंग, गंज सगळं खरवडलं — आधी तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. आतून लोखंड असं लखलखीत निघालं की बघतच राहिले. आप्पा पण येऊन उताणे झोपले माझ्या शेजारी. सत्तरीला टेकलेला माणूस! मी बोल्ट धरायचा, त्यांनी नट आवळायचा. नट दोनदा पडला, दोनदा हाताने चाचपून शोधला त्यांनी.

आई तिळगूळ घेऊन आली तर दोघांचे फक्त पाय बाहेर. “गोड बोला म्हणायचं तरी कोणाला?” तिने वाकून एकेक लाडू खालीच दिला. ग्रीसच्या हातांनी खाल्ला!

अंधार पडला. दिव्यांचं उद्या.

१५ जानेवारी

झालं झालं झालं!

नवीन वेणी, नवीन वायर, दिव्यांच्या दोन्ही बाजू घासून घट्ट. वरून ग्रीसचा जाड थर, पाण्याने आता नाक घासावं! मीटर लावला. ०.१! आप्पांनी किल्ली फिरवली आणि अर्धी फिरायच्या आतच — धडधडधड! काटा स्थिर. हॉर्न एवढा मोठा की वाडीतली कुत्री भुंकायला लागली. हेडलाईट लावले तर समोरच्या कुंपणाच्या, चिऱ्याच्या गडग्यावरचं शेवाळही मोजता येईल असा पांढरा उजेड!

बाबल्या मुद्दाम बघायला आला. वाकला, वेणीला हात लावला, म्हणाला, “माझ्याकडे दोन गाड्या पडल्यात अशाच. येशील काय बघायला?” मी!! दादाला व्हिडिओ पाठवला. त्याने अंगठा पाठवला. अंगठा तर अंगठा.

उद्या पहाटे मी पण जाणार आप्पांबरोबर. दुकानात सांगून ठेवलंय.

१६ जानेवारी, गुरुवार

पहाटेच्या अंधारात हातखंब्याच्या पुढे सरळ रस्त्यावर आप्पांनी टेम्पो एकदम कडेला घेतला. “दिवे गेले काय गो परत?”

दिवे चालू होते. झाडाचं पान अन् पान दिसत होतं.

मी तसं सांगितलं. त्यांनी हँडब्रेक ओढला. मग म्हणाले, “दोन महिने मला वाटत होतं, दिवेच मंद झालेत. तू नीट केलेस की दिसेल.”

आम्ही जागा बदलल्या. लायसन्स आहे, पण घाट मी कधी चालवला नव्हता. आंजणारी घाटाच्या उतारावर आप्पा शेजारी डोळे मिटून बसले होते — “आता डावीकडे. हळू. पुढे मोठं वळण, तिसऱ्यातच ठेव.” एकही वळण चुकलं नाही त्यांचं.