मागच्या सीटचं वजन

१० नोव्हेंबर

आलो एकदाचा धुळ्याला. लग्नाला तीन वर्षं झाली, पण संसार आज सुरू झाला म्हणायचा. दिपमाला इथल्या दवाखान्यात नर्स, मी साताऱ्यात. महिन्याकाठी एक भेट, तीही तिची ड्यूटी बघून. शेवटी मीच नोकरीवर पाणी सोडलं. तिचं माहेर बोदवडचं, म्हणजे खानदेशातलंच, त्यामुळे गल्लीत माझं नाव पहिल्याच दिवशी ‘जावई’ पडलं. शेजारच्या सुनंदाबाईंनी भरीत आणि कळण्याची भाकरी आणून दिली. ठेचा जपून खा म्हणाल्या होत्या, मी ऐकलं नाही. कान अजून गरम आहेत.

माझी मोटरसायकल ट्रकनं आली, ओरखडाही नाही. डांबर असो की माळरान, दोन्हीकडे पळणारी उंच गाडी. नाताळात आम्ही दोघं तिच्यावरून कच्छला जाणार. लग्नानंतर कुठे जाणं झालंच नव्हतं. इंजिन किती सीसीचं ते दिपमालाला आजही ठाऊक नाही. दर फोनवर एकच, मागची सीट मऊ करशील ना.

संध्याकाळी भाजी आणायला निघालो आणि दारातून सवयीनं ‘येऊ का?’ म्हटलं. ती हसायलाच लागली. म्हणे तुम्ही सातारकर जायलासुद्धा परवानगी मागता, सरळ येतो म्हणावं. वर हसतहसत ‘ये’ म्हणालीच. जिना उतरताना मी उगाचच शीळ घालत होतो.

१४ नोव्हेंबर

देवपुरात अभिमन नानांचं गॅरेज आहे. त्यांनी कोपरा वापरायला दिला आणि हौसेनं स्वतःही हात लावला. मागच्या चौकटीला पट्ट्या वेल्ड केल्या. माणूस आणि सामान दोन्ही लादलं की लांबच्या वाटेवर ती तिथेच तडकते. टाकी मोठी बसवली, चेन बदलली, फॉगलाइटची वायरिंग वेगळी काढली. सीटमध्ये नवा फोम घातला.

मागचं स्प्रिंग दिपमालाच्या वजनाला जुळवायचं होतं. ती ड्यूटीवर, म्हणून नानांनी तिच्या वजनाइतकी सरकी पोत्यात भरून सीटवर बांधली. शेजारच्या भिंतीवर खडूनं दोन रेघा मारल्या. गाडी रिकामी असली की मडगार्ड वरच्या रेघेला, पोतं ठेवलं की खालच्या. संध्याकाळी दिपमाला स्वतः येऊन बसली. बरोब्बर खालची रेघ. बायकोचं वजन भिंतीवर मांडलं म्हणून घरी येईपर्यंत बोलली नाही.

१९ नोव्हेंबर

आज रिकामी गाडी पळवून बघितली, सोनगीरपर्यंत. लोण्यातून सुरी जावी तशी चालली. किल्ल्याखाली चेनला तेल मारायला थांबलो. तिथे एक बाई उभी होती, कापडात गुंडाळलेली पितळी कळशी काखेत. कुठे जाणार, मागे कोण बसणार, सगळं विचारलं. बायको म्हटलं. सीटवरून हात फिरवून म्हणाली, मऊ शे. मी तेलाचा डबा आवरत होतो तेव्हा तिनं विचारलं, ‘येऊ का?’ निघाली असेल, म्हणून मान वर न करता मी ‘या’ म्हटलं. मग बघतो तर रस्ता दोन्हीकडे मोकळा.

परतताना गाडी मागून जड लागली. चाकात हवा कमी असावी.

२० नोव्हेंबर

हवा ठीक आहे. गॅरेजात गाडी भिंतीशी उभी केली. सीट रिकामी, आणि मडगार्ड खालच्या रेघेला. नवं स्प्रिंग घातलं. तरी खालचीच रेघ.

२३ नोव्हेंबर

नानांनी रस्त्यात कोण भेटलं ते खोदून विचारलं. सांगितलं तसा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. ‘आमना आठे जानारा येस म्हनस. येऊ का इचारस, त्याले संगे येनं ऱ्हास. तू या सांगं, ती बसनी.’ मी हसण्यावारी नेलं. पण माझं हसू मलाच खोटं वाटलं.

जाणारा इथे येतो म्हणतो. येऊ का विचारतो त्याला सोबत यायचं असतं. निरोपाचा शब्द समजून मी तिला बोलावलं. नाना म्हणाले, वाटेवर तू बोलावलं म्हणून ती गाडीवर बसली. घरात शिरायला तिला घरच्या बाईचं ‘ये’ लागेल. त्यांच्या गावात एका घरी झालं होतं असं. त्या घरातल्या सुनेचं पुढे काय झालं विचारलं, तर नुसते हात पुसत राहिले.

२६ नोव्हेंबर

दिपमाला हट्टानं सीटवर बसली. मडगार्ड तसूभरही हललं नाही. गाडीला ती बसल्याचं कळलंच नाही. बारीक झाले वाटतं, म्हणून ती खूश. दवाखान्यातल्या काट्यावरही वजन घटलेलंच निघालं.

जेवते तर माझ्यापेक्षा जास्त.

३० नोव्हेंबर

गाडी भंगारात दिली. कच्छ गेलं खड्ड्यात. दिपमाला रडली, मी कारण सांगितलं नाही. परतताना नानांनी त्यांची मोपेड दिली. बसलो. मी एकटाच होतो, आणि मागचं चाक दबलं.

ती गाडीवर नाही. ती माझ्यामागे आहे.

३ डिसेंबर

दिपमालाला सगळं सांगितलं. कोणी काही विचारलं तरी ‘ये’ म्हणायचं नाही, शपथ घातली. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. हात लागल्यासारखा वाटला नाही.

घराबाहेर पडताना मी आता काहीच बोलत नाही. दिपमालाच्या ते मनाला लागतं. दारापर्यंत येऊन उभी राहते, माझ्या तोंडाकडे बघत.

५ डिसेंबर

दिपमालाच्या हातातून बांगड्या गळून पडतात. डॉक्टरांना रिपोर्टात काही सापडत नाही. ती चालते तेव्हा पावलं वाजत नाहीत. जिन्यावर मात्र माझ्या मागून कोणीतरी चढतं, आणि उंबऱ्याशी थांबतं—

७ डिसेंबर

दिपमालाला बोदवडला नेणार होतो. पण नेणार तर माझ्यासोबतच, म्हणजे त्या बाईच्याही— मीच सोडून जावं तर दिपमाला एकटी. काही सुचत नाही. मला फार भीती वाटते.

८ डिसेंबर

सकाळ. दिपमाला खाटेवर. ताप नाही, नुसती गुंगी. डोक्याखाली उशी दबलेली नाही. मी शेजारी स्टुलावर बसून लिहितोय. हात चालू राहिला की—

उंबऱ्यावर चप्पल वाजली.

‘येऊ का?’

माझा आवाज. दारातून. मी इथे आहे. मी बोललो नाही. दिपमाला, मी इथे—

डोळे मिटलेले. हसतेय, पहिल्या दिवशी हसली होती तशी.

तिच्या तोंडावर हात दाबला. हाताला ओठ लागले नाहीत, उशी लागली. तरी ऐकू आलं. ‘ये.’

खाट दबत—